वडिलांचं रिव्हॉल्वर मुलीकडे कसं येतं?

रोह्यातल्या एका गृहस्थांकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर आहे, असं धरून चालू. वय ७५. मुलगी लग्नानंतर पेणला स्थायिक झालेली. दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की वडील म्हणतात, "आता हे तूच घेऊन जा. मला काय करायचंय?" मुलगी ते बॅगेत घालून नागोठणे, वडखळ ओलांडत पेणला घरी येते. घरच्यांच्या दृष्टीने ही बापाने लेकीला दिलेली भेट. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघांनीही गुन्हा केलेला असतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ मालकी आणि ताबा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. वस्तू वडिलांची आहे, ती कोणाला द्यायची हे ते ठरवू शकतात. पण ती जवळ बाळगण्याची परवानगी सरकारने त्यांना एकट्याला, त्यांच्या नावाने दिलेली असते. ही परवानगी बक्षीसपत्राने देता येत नाही आणि मृत्युपत्रानेही नाही. कायद्याने 'हस्तांतरण' म्हटलं की त्यात विक्रीच्या पलीकडचंही बरंच येतं: भाड्याने देणं, उसनं देणं, भेट देणं, नुसता ताबा सोडणंसुद्धा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड आहे. बेकायदा हस्तांतरण करणाऱ्याची शिक्षा त्याहून कडक आहे: किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची जोखीम मोठी.

मग रीतसर मार्ग कोणते? तीन आहेत.

पहिला मार्ग वडील हयात असतानाचा. शस्त्र नियम, २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली असतील किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर त्याने सुचवलेल्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. दोन्हींपैकी जे आधी घडेल ते पुरेसं. आपल्या उदाहरणातल्या वडिलांना वयामुळेच हा मार्ग खुला आहे.

दुसरा मार्ग वारस नसलेल्या आप्तांसाठी, म्हणजे एखादा भाचा किंवा मेहुणा. त्याने आधी स्वतःच्या नावाने, स्वतःची गरज दाखवून परवाना मिळवायचा. त्यानंतर देणाऱ्याने कलम ५ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं: शस्त्र कोणतं, घेणाऱ्याचं नाव काय, पत्ता काय. कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हातातून सोडायचं नाही.

तिसरा मार्ग मृत्यूनंतरचा, आणि बहुतेक घरं चुकतात ती इथेच. परवानाधारक गेला की त्याचा परवाना कोणाच्याच कामाचा राहत नाही. तेराव्यानंतर बघू, वाटणी झाली की बघू, असं म्हणत शस्त्र कपाटात राहतं. कलम २१ सांगतं की ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. न केल्यास त्यालाही २ ते ५ वर्षांचीच शिक्षा आहे. जमा केल्याची पावती जपून ठेवा. वारसाला पुढे परवाना मिळाला की शस्त्र परत मिळतं. कोणालाच नको असेल तर ते परवानाधारकाला विकण्याची परवानगी मागता येते.

आता अर्जाकडे वळू. पेण आणि रोहा दोन्ही रायगड जिल्ह्यात असल्यामुळे परवाना देणारं कार्यालय एकच, अलिबागचं जिल्हाधिकारी कार्यालय. जिल्हाधिकारीच इथे जिल्हादंडाधिकारी असतात. मुलगी पनवेलला राहत असती तर गोष्ट वेगळी होती. तो भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, आणि तिथे परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो.

अर्जासोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, वडिलांचा मूळ परवाना आणि इतर भावंडांची ना हरकत लागते. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखलाही. अर्जदाराला २१ वर्षं पूर्ण झालेली असावीत. पोलीस चौकशी तिच्या राहत्या पत्त्यावर, म्हणजे पेणला होते. गुन्ह्यांची नोंद, शेजाऱ्यांशी संबंध, शस्त्र कुठे ठेवणार, हे सगळं पाहिलं जातं. कागद पूर्ण असले म्हणजे परवाना मिळतोच असं नाही. नाकारला तर लेखी कारण मागा; ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. रायगड कोकण विभागात मोडतो.

अर्जाआधी वडिलांच्या परवान्यात तीन गोष्टी तपासा. पहिली, मुदत. २०१९पासून परवाना ५ वर्षांचा असतो. संपला असेल तर आधी नूतनीकरण. दुसरी, राष्ट्रीय नोंदणीतला युआयएन क्रमांक. १९८१पर्यंत हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्या काळापासून चालत आलेल्या परवान्यांच्या नोंदी विशेष बारकाईने जुळवाव्या लागतात. तिसरी गोष्ट बोअर. लष्कराचं ९ मिलिमीटरचं काडतूस चालवणारं पिस्तूल निषिद्ध गटात येतं. त्याचा निर्णय अलिबागला होत नाही, तो केंद्रीय गृहमंत्रालयाचा विषय. शिवाय एका व्यक्तीकडे आता जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं राहू शकतात. वारसाहक्काने आलेलंही त्यातच मोजलं जातं.

परवाना हाती येईपर्यंत रिव्हॉल्वर रोह्यातच. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यापुरती एक सवलत आहे: परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर दुसरी व्यक्ती ते नेऊ शकते. "अण्णांनी सांगितलं म्हणून नेलं" ही तोंडी परवानगी चालत नाही.

परवाना मिळाल्यानंतरही जबाबदारी असतेच. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधली गोळी लागली होती. तेव्हा काडतुसं काढून ठेवा, शस्त्र कुलपात ठेवा. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला तर तो पाळा. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, तो त्यांचा मान. घरच्या आनंदात हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात आणला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरात असं शस्त्र असेल, तर वडील धडधाकट आहेत आणि त्यांची सही चालते आहे, तोवरच अलिबागला अर्ज करा. आधी परवाना, मग हत्यार, हा क्रम कुठल्याही नात्यासाठी बदलत नाही.