वॉर्डातले पहिले दिवस आणि सावरण्याची ताकद

आजचा विषय नर्सिंग, फिजिओथेरपी, मेडिकल अशा सगळ्याच विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे : क्लिनिकल पोस्टिंग. वर्गातून उठून वॉर्डात जायचे ते पहिले दिवस. त्या दिवसांविषयी आम्ही शिकवणारी मंडळी एक वाक्य फार सहज बोलून जातो, 'जरा घट्ट व्हा, या लाइनमध्ये असंच असतं.' हे वाक्य संशोधनासमोर टिकतं का, ते आज आपण बघू.

आधी शब्दाचं बोलू. 'रेझिलिअन्स'ला मराठीत बहुतेक वेळा लवचीकता म्हणतात. आम्हाला 'सावरणं' हा शब्द जवळचा वाटतो. घट्ट असणं वेगळं आणि सावरणं वेगळं. पेशंट गेला तेव्हा रडू आलं नाही, म्हणजे विद्यार्थिनी सावरली असं नाही. रडू आलं, कुणाशी तरी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात नीट काम करू शकली, तर ती सावरली.

मग ही ताकद येते कुठून? हवाई बेटांपैकी कावाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या स्वभावाचा वाटा होताच. पण त्यांच्या आयुष्यात भरवशाचं एखादं तरी मोठं माणूस होतं, हेही ठळकपणे दिसलं. म्हणजे सावरण्याची ताकद ही अर्धी आपल्या आत असते आणि अर्धी आजूबाजूच्या माणसांत.

आता रुग्णालयात येऊ. इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगच्या व्यवस्थेचा अभ्यास केला, तो 1960 साली प्रसिद्ध झाला. तिथे जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत होत्या. मेन्झिस यांना काय दिसलं? मरण, वेदना, उघडं शरीर या सगळ्याची भीती झाकायला रुग्णालयानं स्वतःच्या रीती तयार केल्या होत्या. कामाचे तुकडे पाडायचे, मुलींना सारखं या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं, पेशंटला नावानं न ओळखता 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणायचं. आपल्याकडेही 'सात नंबर'ला ड्रेसिंग करायचंय, असं आपण म्हणतोच की! या रीतींनी भीती कमी झाली नाही, कामातलं समाधान मात्र गेलं. आणि मेन्झिस यांचं महत्त्वाचं निरीक्षण असं, की सोडून जाणाऱ्यांत जास्त समंजस मुलीही होत्या. म्हणजे 'कच्ची होती म्हणून गेली' हे आमचं नेहमीचं स्पष्टीकरण तपासून घ्यायला हवं.

अलीकडे ट्रेसी लेव्हेट-जोन्स आणि ज्युडिथ लॅथलीन यांनी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी बोलून 'आपलेपणा' तपासला. वॉर्डातले लोक आपल्याला आपलं मानतात असं वाटलं, तर विद्यार्थी शिकतो, प्रश्न विचारतो. तसं वाटलं नाही, तर चुकीचं दिसत असूनही गप्प बसतो, सगळे करतात तसं करतो. इथे प्रश्न फक्त विद्यार्थ्याच्या मनाचा राहत नाही. औषधाचा डोस चुकतोय हे दिसूनही ती मुलगी बोलली नाही, तर त्याची किंमत पेशंट मोजतो.

हे मोजायच्या प्रश्नावल्याही आहेत. 2003 साली आलेल्या कॉनर-डेव्हिडसन प्रश्नावलीत 25 विधानं असतात, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 100. उपयोगी साधन आहे. पण गुण विद्यार्थ्याला मिळतात, वॉर्डाला नाही. कमी गुण पाहून मुलांना एका दिवसाच्या कार्यशाळेला बसवलं आणि वॉर्ड तसाच ठेवला, तर अर्धंच काम झालं.

एका श्रोत्यांनी विचारलंय, मग विद्यार्थ्यानं काहीच करायचं नाही का? करायचं ना. झोप आणि जेवण सांभाळायचं, येत नसेल ते 'येत नाही' म्हणून सांगायचं, पोस्टिंगच्या मैत्रिणीशी रोज पाच मिनिटं बोलायचं. पण आम्हीही तीन गोष्टी करू शकतो आणि त्यांना पैसे लागत नाहीत. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याचं नाव विचारायचं. पोस्टिंगभर एक सिस्टर किंवा एक सर त्याच्यासाठी ठरवून द्यायचे. आणि वॉर्डात मृत्यू झाला, तर ड्यूटी संपताना दहा मिनिटं बसून विचारायचं, 'आज काय पाहिलंस? कसं वाटतंय?'

'घट्ट व्हा' म्हणायला दोन सेकंद लागतात. ही दहा मिनिटं काढणं अवघड आहे, हे आम्हालाही माहीत आहे. तरी ती काढायलाच हवीत.