गाडी सारखी गरम होतेय? वॉटर पंप घरी बदलता येतो, पण सगळ्याच गाड्यांचा नाही

रोज सकाळी रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी ओतायचं, एक कॅन सीटमागं टाकायचा आणि बाजार गाठायचा. गावाकडच्या कितीतरी जुन्या जीप, पिकअप अशाच चालतात. पण पाणी रोज कमी होतंय म्हणजे ते कुठंतरी जातंय.

इंजिन बंद आणि गार असताना वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला बघा. तिथं एक बारीक भोक असतं. त्यातून थेंब पडत असेल किंवा ओघळ वाळलेला दिसला, तर आतलं सील गेलं समजा. पंपाची पुली हातानं हलवा. खटखट हलली तर बेअरिंगही गेलं. तशीच गाडी रेटली तर हेड गॅसकेट उडतं, हेड वाकतं आणि खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

आता मुख्य गोष्ट. पंप पुढं फॅन बेल्टवर उघडा दिसत असेल तर काम घरी होण्यासारखं आहे. पण बऱ्याच गाड्यांत तो टायमिंग बेल्टच्या कव्हरमागं असतो. तिथं हात घालू नका. बेल्ट बसवताना एक-दोन दाते चुकले तरी काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ते काम मेस्त्रीचंच. आणि मेस्त्री टायमिंग बेल्ट बदलत असेल तर पंपही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

घरी करणार असाल तर गाडी रात्रभर गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कुलंट घमेल्यात काढून घ्या. ते घमेलं उघडं ठेवू नका. कुलंट चवीला गोडसर असतं, कुत्रं किंवा वासरू पितं आणि दगावतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.

पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच ढिले करा, नंतर पुली नुसती फिरत बसते. पंपाचे बोल्ट लहान-मोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात आवळला तर चिरा पडतात. जुनं पॅकिंग खरवडून जागा साफ करा, पण ओरखडे पाडू नका. नवीन पॅकिंग लावून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. जोर लावायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमची आटी लगेच जाते.

बोअरचं पाणी मात्र भरू नका. क्षार रेडिएटरमध्ये बसतात, सीलही खातात. अनेकदा पंप जायचं कारण हेच असतं. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालतं, पण डब्यावर 'तयार मिश्रण' असं लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा. बुडबुडे निघतील, पातळी खाली जाईल, तसं भरत जा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पातळी पुन्हा बघा आणि पंपाखाली एक कोरडा कागद सरकवून ठेवा. ओला झाला तर पॅकिंग नीट बसलेलं नाही.