मावळच्या डोंगरवाटा आणि फोर बाय फोर वाहने : शक्तिवहन यंत्रणेच्या मजबुतीचा तौलनिक विचार

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका पूर्व-पश्चिम अंतराने फार मोठा नाही. तथापि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि तळेगावला पोहोचेपर्यंत तो निम्म्याहून बराच खाली येतो. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत बेसॉल्टचा कठीण खडक, त्यावरचा पातळ मातीचा थर आणि खाचरांतील चिकणमाती एकमेकांना लागून आढळतात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी भात ज्या चिखलात उत्तम येतो, त्याच चिखलात वाहनाचे चाक जागच्या जागी फिरत राहते. चिखलातून बाहेर आलेले तेच चाक पुढच्या वीस पावलांवर कोरड्या, खडबडीत कातळावर चढते. एका वाटेवर पकडीत इतका फरक पडणे ही यंत्रणेची खरी परीक्षा होय. लोणावळ्याहून तुंगार्ली-वळवंडमार्गे राजमाचीकडे जाणारी वाट हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

या भागात फोर बाय फोर वाहन ही हौशी पर्यटकांपुरती बाब नाही. पावसाळ्यात वाडीवरचा रुग्ण खाली आणणे, दुर्घटनेच्या वेळी दोरखंड व स्ट्रेचर पायथ्यापर्यंत नेणे, महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाची क्षेत्रभेट पार पाडणे, या कामांसाठी कोणते वाहन घ्यावे, हा प्रश्न संस्थांपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर बहुधा अश्वशक्तीच्या तक्त्यावरून दिले जाते. हा तक्ता प्रस्तुत प्रश्नासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. विवेचनासाठी उत्पादकांनी जाहीर केलेली वैशिष्ट्ये आणि यांत्रिकीची प्राथमिक तत्त्वे एवढाच आधार घेतला आहे.

मजबुती आणि विश्वासार्हता

सामान्य बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. अभियांत्रिकीत मजबुती म्हणजे एखादा भाग न तुटता किती भार सहन करतो ते, तर विश्वासार्हता म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत संपूर्ण यंत्रणा काम करीत राहण्याची शक्यता. अतिशय मजबूत वाहन बेभरवशाचे असू शकते. उलट माफक मजबुतीचे वाहन वर्षानुवर्षे घरी परत आणू शकते. इंजिनपासून चाकापर्यंत क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, हाफ शाफ्ट आणि हब अशी साखळी असते. तिची मजबुती सर्वांत दुबळ्या कडीइतकीच. ती कडी कोणती आणि ती तुटल्यावर वाहन जागेवरून हलते की नाही, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला तर तो शाफ्ट उतरवून पुढच्या दोन चाकांवर गाव गाठता येते. ट्रान्सफर केस फुटली तर मात्र दुसरे वाहन बोलवावे लागते.

भार इंजिन ठरवीत नाही

ही गोष्ट प्रथमदर्शनी पटत नाही, म्हणून एक उदाहरण तपशीलाने पाहू. मारुती सुझुकीची पाच दरवाजांची जिम्नी भारतात जून २०२३ मध्ये विक्रीस आली. तिच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाचे कमाल आघूर्ण, म्हणजेच टॉर्क, सुमारे १३४ न्यूटन-मीटर आहे. मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.४२५, ट्रान्सफर केसचा लो २.००२ आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.०९० यांचा गुणाकार सुमारे ३६ येतो. घर्षणाची तूट सोडली तर चाकांवर एकूण सुमारे ४,८०० न्यूटन-मीटर उपलब्ध होतात.

आता जमिनीकडून विचार करू. वाहनाचे वजन सुमारे १,२०० किलो. दोन माणसे व सामान धरून १,३५० किलो मानू. टायरची त्रिज्या सुमारे ३४.५ सेंटिमीटर. कोरड्या कातळावर घर्षणगुणांक ०.८ धरला, तर चारही चाके मिळून जमिनीला जास्तीत जास्त ३,६५० न्यूटन-मीटर देऊ शकतात. त्यापुढे टायर घसरतो. ओल्या चिखलात गुणांक ०.३ धरला, तर हीच मर्यादा १,४०० च्या आत येते. म्हणजे लो गिअरमध्ये इंजिनाकडे जे बळ आहे, ते जमिनीला घेताच येत नाही. शाफ्टवर येणारा भार प्रामुख्याने वजन, टायरची त्रिज्या आणि पकड या तीन राशी ठरवितात. अश्वशक्ती त्यांत कोठेच नाही. मोठे टायर बसविण्याची सध्याची आवड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे: त्रिज्या एक दशांशाने वाढली की हाफ शाफ्टवर येऊ शकणारा भारही तेवढाच वाढतो, आणि शाफ्ट मात्र जुनाच राहतो.

हे सर्व स्थिर भाराविषयी झाले. प्रत्यक्षात शाफ्ट तुटतो तो बहुधा धक्क्याने. चिखलात किंवा हवेत वेगाने फिरणारे चाक अचानक कातळाला टेकते, तेव्हा चाक क्षणात थांबू पाहते. पण इंजिनाचे फ्लायव्हील आणि सर्व फिरते भाग आपल्या जडत्वाने पुढे ढकलीत राहतात. त्या क्षणीचा पीळ वरच्या गणितातील आकड्यांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. चिखल आणि कातळ आलटून पालटून असलेली मावळातील वाट म्हणूनच नुसत्या चिखलाच्या किंवा नुसत्या कातळाच्या वाटेपेक्षा यंत्रणेला घातक ठरते. ॲक्सिलरेटर दाबून वाहन उसळवीत नेणारा चालक आणि लो गिअरमध्ये रांगत नेणारा चालक यांच्या हाती एकच वाहन दिले, तर त्याचे आयुष्य सारखे नसणार, हे वेगळे सांगावयास नको.

डिफरन्शियलचा प्रश्न

साधे, म्हणजे न बांधलेले डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना नेहमी समान आघूर्ण देते. एक चाक हवेत असेल तर त्याला आघूर्ण लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही, आणि वाहन अडकते. हा दोष सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. समजा, चढावर मागच्या एका चाकावर वाहनाचे ४० टक्के आणि दुसऱ्यावर १० टक्के वजन आहे. वरील उदाहरणातील वाहनात पहिले चाक १,४६० न्यूटन-मीटर घेऊ शकते, दुसरे केवळ ३६५. डिफरन्शियल साधे असेल तर दोन्ही हाफ शाफ्टवर ३६५ एवढाच भार येईल. म्हणजे वाहन अडकविणारे हे डिफरन्शियलच शाफ्टचे संरक्षणही करीत असते. ते लॉक केले की भारित शाफ्टवर १,४६० येतात; भार चौपट होतो. लॉक असलेले वाहन अधिक मजबूत असते असे म्हणण्यापेक्षा, लॉक असलेल्या वाहनाला अधिक मजबूत शाफ्ट लागतात, असे म्हणणे योग्य.

प्रतिस्पर्धी वाहनांनी या प्रश्नाची तीन निराळी उत्तरे दिली आहेत. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढील आणि मागील दोन्ही आसांवर चालकाने लिव्हरने लावावयाचे यांत्रिक लॉक देते. २०२४ मध्ये फोर बाय फोर निवडण्यासाठी फिरविण्याची कळ आली, तरी लॉकच्या लिव्हर राहिल्या. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये आणि २०२० च्या नव्या थारच्या काही प्रकारांत मागील आसावर ईटन कंपनीचे आपोआप बांधले जाणारे यांत्रिक लॉक दिले. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की ते बांधले जाते. जिम्नीत लॉक नाही. घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो.

तिन्हींत गुरखाचा मार्ग सर्वांत सरळ आहे. चाक घसरण्याआधीच, वाहन उभे असताना लॉक लावता येतो, त्यामुळे धक्का टळतो. मात्र लॉक केव्हा काढावयाचा हे चालकाला कळले पाहिजे. पुढचा लॉक लावून स्टिअरिंग पूर्ण वळविले तर तो पुढच्या जॉइंटवर अन्याय आहे. थारच्या लॉकला चालकाकडून काहीच अपेक्षा नाही, पण चाक आधी घसरल्याशिवाय तो बांधला जात नाही, आणि त्या वेळी ॲक्सिलरेटर जोरात दाबलेला असेल तर बांधला जाण्याचा झटका सोसावा लागतो. जिम्नीच्या पद्धतीत, वरच्याच उदाहरणात, भारित चाकाला १,४६० मिळण्यासाठी हलक्या चाकावर ब्रेक तेवढाच विरोध करतो, म्हणजे त्या आसाला सुमारे २,९२० पुरवावे लागतात आणि त्यातील बराच भाग ब्रेकमध्ये उष्णतेत जातो. एक-दोन मिनिटांच्या अडथळ्याला ही पद्धत उत्तम. तासभराच्या चिखलवाटेला नव्हे. शिवाय हे आघूर्ण काढण्यासाठी जिम्नीच्या इंजिनाला ४,००० फेऱ्यांच्या जवळ जावे लागते. २०२० च्या थारचे डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर १,६०० फेऱ्यांपासून, तर २०२१ च्या गुरखाचे २५० न्यूटन-मीटर १,४०० फेऱ्यांपासून देते. फेऱ्या कमी म्हणजे फिरत्या भागांत साठलेली ऊर्जा कमी आणि धक्काही सौम्य. डिझेलचा खरा लाभ येथे आहे.

पुढचा आस

जिम्नीचे आणि तिच्या पूर्वज जिप्सीचे पुढचे व मागचे दोन्ही आस अखंड आहेत. १९८५ मध्ये भारतात आलेली जिप्सी पानपट्ट्यांवर बसलेली होती, जिम्नी कॉइल स्प्रिंगवर आहे. पण तत्त्व तेच. थार आणि २०२१ नंतरची गुरखा यांच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असून अखंड आस केवळ मागे आहे. अखंड आसात पुढचा जॉइंट फक्त स्टिअरिंगबरोबर वळतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तो चाकाच्या वर-खाली होण्याबरोबरही वाकतो, आणि जॉइंट जितका अधिक वाकलेला तितकी त्याची सहनशक्ती कमी. त्यावरचे रबरी आवरण करवंदीच्या जाळीत किंवा धारदार दगडावर फाटले, तर आत वाळू जाऊन जॉइंट झिजतो. सडकेवर मात्र स्वतंत्र सस्पेन्शन कितीतरी सुखद. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत द्रुतगती मार्गाने यावयाचे आणि मग डोंगर चढावयाचा, अशा वापरात ती तडजोड समर्थनीय आहे. ओघात एक नोंद: जानेवारी २०२३ पासून थार केवळ मागच्या चाकांना गती देणाऱ्या प्रकारातही मिळू लागली. सहारा पुलावर दिसणारी प्रत्येक थार फोर बाय फोर असतेच असे नाही.

जिप्सीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. १,२९८ घनसेंटिमीटरच्या तिच्या नंतरच्या इंजिनाचे आघूर्ण सुमारे १०३ न्यूटन-मीटर, म्हणजे वरील सर्वांत कमी. लॉक नाही, संगणकी ब्रेक नाही. तरीही लष्कराने तिच्यावर दशकानुदशके विसंबून काम केले. सुमारे एक टन वजन हे त्याचे मुख्य कारण, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वजन कमी, टायर लहान, म्हणून प्रत्येक भागावरील भार कमी. दुर्बळ वाटणारे शाफ्ट तिच्यासाठी पुरेसे होते. २०१८-१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली.

वापरातील बिघाड

येथवर उल्लेखिलेल्या चारही वाहनांना पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नाही. फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. मातीवर हा फरक घसरण्यातून मिटतो, डांबरावर मिटत नाही. पीळ साठत जातो, लिव्हर निघेनाशी होते, क्रॉस आणि ट्रान्सफर केसचे दात झिजतात. खंडाळ्याच्या घाटात किंवा पवनानगरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर पाऊस आहे म्हणून फोर बाय फोर लावून ठेवणारे अनेक जण असतात. ओल्या डांबराची पकडसुद्धा पीळ साठविण्याइतकी असते, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

दुसरे कारण पाणी. थार ६५० मिलिमीटर आणि गुरखा ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असे उत्पादक सांगतात. हे आकडे मुख्यतः इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढू नये यासाठी असतात. डिफरन्शियलचे हाउसिंग मात्र गुडघ्याएवढ्या ओढ्यातही भिजते. चढ चढून तापलेले हाउसिंग थंड पाण्यात शिरले की आतील हवा आकुंचन पावते, आणि चिखलाने ब्रीदर बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी आत ओढते. तेल दुधाळ होते, त्याचे वंगण जाते. दोन-तीन आठवड्यांत बेअरिंगवर गंज धरतो आणि गिअर आवाज करू लागतो. तोपर्यंत ओढा कोणाच्या स्मरणातही नसतो, दोष कंपनीच्या नावावर जमा होतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत नेणे आणि पावसाळ्यात प्रत्येक ओढापार फेरीनंतर हाउसिंगचा प्लग सैल करून तेलाचा रंग पाहणे, एवढ्याने हा बिघाड बहुतांशी टळतो. प्लग सैल करण्यापूर्वी वाहन किमान रात्रभर सपाट जागी उभे असावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पहिल्या चार थेंबांतच दिसते.

संस्थेने निवड करताना सहा-सात माणसे व साहित्य नेण्याची गरज असेल, आणि चालक एकच, प्रशिक्षित असेल, तर गुरखाला पर्याय नाही, असे या विवेचनावरून म्हणता येईल. दोघे-तिघे आणि उपकरणांची एक पेटी एवढाच भार असेल तर जिम्नीचे कमी वजन अधिक उपयोगी. थार या दोहोंच्या मध्ये येते; चालक बदलत राहणार असतील, तर तिचा आपोआप बांधला जाणारा लॉक हा मोठा गुण ठरतो. जुनी जिप्सी लिलावात मिळत असेल तर चॅसिसचा गंज आधी पाहावा, इंजिन नंतर. घाटमाथ्यावर राहिलेल्या वाहनाला पानपट्ट्यांच्या टांगणीपाशी आतून गंज धरतो आणि वरून रंग शाबूत दिसतो.