शीडहोडीतील कंट्रोल केबल

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने होणारा प्रवास एके काळी पाण्यावरून सुरू होत असे. १८३० मध्ये बोरघाटातील रस्ता खुला झाल्यानंतर मुंबईहून पुण्यास निघालेले प्रवासी होडीने पनवेलच्या खाडीत येत आणि तेथून पुढे घाटाची वाट धरत. त्या होड्यांना इंजिन नव्हते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा आणि भरती-ओहोटी यांच्या वेळा सांभाळूनच तांडेल होडी हाकीत असे. आज मुंबई बंदरातील लहान शीडहोडीतही बहुधा एक डिझेल इंजिन असते, कारण उधाणाच्या दिवसांत येथे भरती व ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरहून अधिक फरक पडतो, प्रवाहाला ओढ असते, आणि वारा पडल्यावर जहाजांच्या मार्गातून बाजूला होण्यास दुसरे साधन उरत नाही.

हे इंजिन होडीच्या पोटात असते आणि ते चालवणारा माणूस वर सुकाणूपाशी बसतो. त्याच्या हातातील दांडा आणि खालचे इंजिन यांना जोडणाऱ्या दोन केबल असतात: एक गिअरबॉक्सकडे जाते व होडी पुढे, मागे किंवा न्यूट्रलमध्ये ठेवते, तर दुसरी इंजिनाचा वेग कमी-जास्त करते. सायकलच्या ब्रेकची तार फक्त ओढते. ही केबल मात्र ओढते आणि ढकलतेही, म्हणून तिच्या गाभ्यात पोलादाची ताठ तार असते, तिच्याभोवती प्लास्टिकचे गुळगुळीत अस्तर, त्यावर पोलादी तारांचे वेष्टन आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचे आवरण असते. ढकलताना गाभा वाकू नये, हे त्या वेष्टनाचे काम होय.

खारे पाणी टोकाकडून आत झिरपले की गाभा गंजतो, गंज फुगून अस्तरात दाटतो आणि दांडा जड होऊ लागतो. जेथे केबल फार कमी जागेत वळवलेली असते, तेथे ती घासून लवकर झिजते. हा जडपणा म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना होय, आणि अनेकदा तो तेलाने घालवण्याचा प्रयत्न होतो. परंतु बंद बांधणीच्या केबलमध्ये तेल फारसे आत पोहोचत नाही. केबल इंजिनाच्या बाजूने सोडून दांडा हलवून पाहिल्यास दोष केबलमध्ये आहे की गिअरबॉक्समध्ये, हे लगेच कळते. दोष केबलचा असेल, तर ती तुटण्याआधीच बदलावी, कारण तुटण्याची वेळ आपल्या हाती नसते. धक्क्याला लागताना गिअरची केबल तुटली आणि गिअरबॉक्स पुढच्या गिअरमध्ये अडकून राहिला, तर चालू इंजिन बंद इंजिनापेक्षा अधिक घातक ठरते. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करणे हाच पहिला उपाय असतो. हात आणि यंत्र यांच्यामधील दुव्याला मोठ्या नौकेवरही तेवढेच महत्त्व आहे: भारतीय नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या ‘तारिणी’ या शीडनौकेला २०१८ च्या एप्रिलमध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे न ठरवलेला थांबा घ्यावा लागला होता.

केबल बदलताना घाई नडते ती जुनी केबल काढताना. दोन्ही टोकांच्या पिना व नट सोडल्यावर ती ओढून काढण्याआधी तिच्या एका टोकाला नायलॉनची बारीक दोरी घट्ट बांधावी, म्हणजे केबल बाहेर येताना दोरी तिच्या वाटेने आत सरकते आणि नवी केबल त्याच दोरीने ओढून घेता येते. हे राहून गेले, तर फळ्यांआडची ती वाट पुन्हा शोधण्यात दिवस जातो. लांबी जुनी केबल सरळ करून मोजावी किंवा आवरणावर छापलेली असल्यास तेथून घ्यावी. नव्या केबलचे वळण मोठे ठेवावे. नेहमीच्या लहान केबलसाठी वळणाची त्रिज्या सुमारे वीस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि इंजिनाच्या तप्त भागांपासून ती दूर बांधावी. दोन्ही केबल एकाच वयाच्या असल्यास दुसरीही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण तिनेही तेवढेच मीठ सोसलेले असते.

खरे कौशल्य जुळणीत आहे. आधी गिअरबॉक्सवरचा तरफदांडा नेमका न्यूट्रलमध्ये ठेवावा, वरचा दांडा उभा करावा आणि मगच टोकाचा जोड फिरवून लांबी जुळवावी. त्यानंतर दांडा पुढे व मागे नेल्यावर तरफ दोन्ही बाजूंना पूर्ण टोकापर्यंत पोहोचते का, ते डोळ्यांनी पाहावे. ती अर्धवट अडली, तर आतला क्लच घसरून तापतो आणि स्वस्तातल्या केबलपायी महागडा गिअरबॉक्स बिघडतो. दांडा न्यूट्रलवर आणल्यावर वेगाच्या केबलने इंजिन सर्वांत कमी वेगावर परत आणले पाहिजे. ही तपासणी प्रथम इंजिन बंद ठेवून आणि नंतर होडी दोरांनी धक्क्याला पक्की बांधून, एक माणूस दांड्यावर व दुसरा इंजिनापाशी ठेवून करावी. सगळे नीट चालल्यावर चेकनट घट्ट करावेत, नव्या पिना बसवाव्यात, आणि काढलेली केबल अगदीच गंजलेली नसेल, तर गुंडाळून होडीतच ठेवावी.