जमिनीचे रक्षण की जन्माची शिक्षा?

चीनमध्ये अधिवास असलेल्या आणि अमेरिकेचे नागरिकत्व वा कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या व्यक्तींना, अल्प अपवाद वगळता, जमीन किंवा घर विकत घेण्यास मनाई करणारा कायदा फ्लॉरिडा राज्याने २०२३ साली संमत केला. टेक्सासने २०२५ साली चीन, रशिया, इराण व उत्तर कोरिया यांना उद्देशून तशीच बंधने घातली. राष्ट्राची सुरक्षितता व अन्नपुरवठा ही या कायद्यांची घोषित उद्दिष्टे होत. ती गैर आहेत असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो उद्दिष्ट आणि उपाय यांचा मेळ बसतो काय, एवढाच.

परकीयांनी शेतजमीन घेतल्यास त्याची नोंद मध्यवर्ती सरकारकडे करावी, असा अमेरिकेत १९७८ पासून नियम आहे. या नोंदींनुसार २०२२ अखेर सुमारे ४ कोटी ३४ लाख एकर जमीन परकीयांच्या हाती होती. म्हणजे खासगी मालकीच्या शेतजमिनीच्या व वनजमिनीच्या अवघे ३.४ टक्के. त्यातील जवळजवळ एक तृतीयांश वाटा कॅनडाचा. चीनचा एक टक्काही नाही. लष्करी तळाशेजारची छोटी जमीनही धोक्याची ठरू शकते, हे खरे. पण त्यासाठी त्या व्यवहाराची चौकशी हवी. सरसकट माणसांची वर्गवारी नव्हे.

अशा वर्गवारीचा अनुभव अमेरिकेने पूर्वीच घेतला आहे. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमिनीची मालकी नाकारणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला आणि १९२० साली तो अधिक कडक केला. त्यात जपानचे नाव नव्हते. परंतु त्या काळी नागरिकत्व गोऱ्यांना व आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत असल्याने रोख कोणावर आहे, हे उघड होते. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही अपात्र ठरविले आणि तेथे कष्टाने शेती उभी केलेल्या पंजाबी शेतकऱ्यांवर तोच कायदा कोसळला. जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवून ती कसण्याची पाळी अनेकांवर आली. जपानी शेतकरी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे जमीन घेत. ओयामा कुटुंबाने १९३४ साली सहा एकर जमीन सहा वर्षांच्या मुलाच्या नावे घेतली. युद्धकाळात हे कुटुंब घराबाहेर काढले गेले असताना राज्याने त्या जमिनीवर हक्क सांगितला. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल मुलाच्या बाजूने दिला आणि १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला.

फ्लॉरिडाच्या घटनेतही १९२६ पासून असेच एक कलम होते. मतदारांनी ते २०१८ साली काढून टाकले. पाचच वर्षांनी नवा कायदा आला. आजचा कायदा वंश विचारीत नाही, अधिवास विचारतो, हा फरक मान्य करावयास हवा. तथापि त्याचा जाच बड्या भांडवलदारापेक्षा नोकरीसाठी येऊन घर शोधणाऱ्या साध्या माणसालाच अधिक होतो. भांडवलदाराला वकील मिळतात, मध्यस्थ कंपन्याही मिळतात.

जमिनीच्या व्यवहारांवर बंधने नसावीत, असा याचा अर्थ नव्हे. भारतातही परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीयालाही नाही. महाराष्ट्रात तर कुळवहिवाट कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही ती परवानगीवाचून घेता येत नाही. या नियमातही पळवाटा आहेत आणि शेतकरीपण बहुधा वारसानेच येते. तरीही खरेदीदार कोणत्या शत्रुराष्ट्रातला, हे तो विचारीत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, हा त्याचा हेतू आहे. जमिनीच्या कायद्याने जमिनीचे काय होणार, हे पाहावे. जमीन घेणारा कोठून आला, एवढेच पाहणारा कायदा शेवटी कसणाऱ्याच्याच मुळावर येतो. कॅलिफोर्नियाला हे उमगण्यास एकोणचाळीस वर्षे लागली.