घाणेरी आपली नाही!

परवा विसरवाडीजवळ महामार्गाच्या कडेला थांबलो होतो. सोबतच्या भाचीने नारिंगी-गुलाबी फुलांचा गुच्छ तोडला आणि म्हणाली, "मामा, आपलं रानफूल किती छान!"

फूल छान, पण आपलं नाही. ही घाणेरी, म्हणजेच टणटणी. मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून आणली. काळी पिकलेली फळं पक्षी खातात आणि बी रानभर पसरतं.

तिची दाट जाळी झाली की खाली गवत आणि देशी रोपं वाढत नाहीत. पानं विषारी. ती खाल्ली तर गुरांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते.

आपल्या नवापूर भागात मला मोहाची काळजी जास्त वाटते. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहाची फुलं गळतात, ती वेचायला झाडाखालची जमीन मोकळी लागते. तिथेच घाणेरी माजली तर वेचणार कुठे? मोहाची नवी रोपं तरी कशी वाढणार?

वरवर छाटू नका, ती पुन्हा फुटते. पावसात माती ओली असताना, फळं धरण्याआधी मुळासकट उपटा. मोकळ्या जागी पळस, मोह, खैर लावा.

बांधावर अनोळखी झाड दिसलं तर पान आणि फुलाचा फोटो टाका, मिळून ओळखू.