निम्म्यावर आलेला पीएसए

डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. १९७४ मध्ये त्याचं कारण प्रसिद्ध झालं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक प्रभावी संप्रेरक बनवणारं एक एन्झाइम त्यांच्यात पुरेसं नव्हतं. विशेष म्हणजे मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत असे. हेच एन्झाइम औषधानं रोखलं तर? त्या प्रश्नातून फिनास्टेराइड जन्मलं. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. ड्युटास्टेराइड त्याचंच भावंड.

खरी गंमत पुढे आहे. पीएसए हे प्रथिन वीर्य पातळ करण्यासाठी प्रोस्टेट बनवते. त्यातलं किंचित रक्तात उतरतं आणि कर्करोगाच्या चाचणीत तेच मोजतात. पण ते बनवण्याचा हुकूमही डीएचटीच देतं! म्हणून या गोळ्यांनी ग्रंथी साधारण पाव हिश्शानं आटते, पीएसए मात्र सहा ते बारा महिन्यांत जवळपास निम्म्यावर येतो. रिपोर्टमध्ये २.४ दिसलं, तर डॉक्टर ते ४.८ धरतात. म्हणजे ४ ही रूढ मर्यादा ओलांडलेली असते.

हा गुणाकार राहून गेला तर? प्रोस्टेट कर्करोग झालेल्या ८०,८७५ अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये आला. दुरुस्त केलेला पीएसए वाढल्यापासून निदान व्हायला ही औषधं घेणाऱ्यांना ३.६ वर्षं लागली, इतरांना १.४.

आणि तरीही ही औषधं चाचणीचे शत्रू नाहीत. १८,८८२ पुरुषांवरच्या अमेरिकी चाचणीत फिनास्टेराइड घेणाऱ्यांमध्ये पीएसएनं कर्करोग उलट अधिक अचूक हेरला. साध्या वाढीचा पीएसए दबला, की कर्करोगाचा उठून दिसतो. म्हणूनच तळाला गेलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर तो ‘नॉर्मल’ मर्यादेत असला तरी तपासावाच लागतो.

वाढलेल्या प्रोस्टेटसाठीचं दुसरं औषध टॅम्सुलोसिन फक्त स्नायू सैल करतं. पीएसएला हात लावत नाही. पण आपल्याकडे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड अनेकदा एकाच कॅप्सूलमध्ये असतात, आणि केसगळतीची १ मिलिग्रॅमची गोळीही फिनास्टेराइडच असते. तेव्हा औषध सुरू होण्याआधी पीएसए करून घ्या, गोळी मनानं बंद करू नका आणि प्रत्येक रिपोर्टसोबत औषधाची स्ट्रिपही डॉक्टरांना दाखवा.